रकाना कोरा

रात्री साडेनवाला गंगावेशीत
ईराप्पा म्हैस बांधतो त्या खांबापाशी मी उभा असतो,
ग्लास हातात, फेस मिशीला.
एकतीस वर्षं शिरोलीच्या फौंड्रीत तपासणीला होतो.
कास्टिंग उचललं की वजनावरनं सांगायचो
आत पोकळी आहे का.
माणसांचं तेवढं जमलं नाही.

मत विचारायला कुणी येत नाही, म्हणून सांगतो.

युद्ध मला आवडत नाही.
चहाच्या गाड्यावर हे बोललं की लोक असे बघतात
जसं मी तांबड्या रश्श्यात साखर मागितली.
आमच्या गल्लीतला भूपाल चौगुले
बर्फातल्या चौकीवरनं परत आला
पायाची तीन बोटं तिथंच ठेवून.
तो युद्धावर काही बोलत नाही.
बोलतो ते आम्ही, दहाच्या दहा बोटं असलेले.

ड्रॉइंगवर सगळं असायचं :
नंबर, धातू, टॉलरन्स, सही.
एका ऑर्डरीत 'वापर' हा रकाना कोरा होता.
साहेबांना विचारलं. म्हणाले, पंपाचा असंल.
माप बरोबर होतं. सही केली.
चार हजार नग, एकही रिजेक्ट नाही.
त्या दिवाळीला मला चांदीचं नाणं मिळालं,
बायकोनं ते देव्हाऱ्यात ठेवलंय.

परवा टीव्हीवर एक शहर दाखवत होते,
नाव जिभेला वळेना.
पडक्या भिंतीशी गाडीला जुंपलेलं गाढव, मेलेलं,
जू तसंच मानेवर.
माणसं झाकली होती.
गाढवावर कोण चादर घालणार? त्याला तर
कुणाची बाजू होती हेही माहीत नव्हतं.
त्याच्या पोटाशी लोखंडाचा एक गोल तुकडा.
मी उठून टीव्हीला नाक लावलं.
काय शोधताय, बायको म्हणाली.
म्हटलं, कडेची जाडी.

पंपाचाच असंल.

भाचा रॉटरडॅमला असतो. त्यानं एका दुकानाच्या काचेचा फोटो पाठवला :
आपली चप्पल, आपल्या नावाशिवाय.
किंमत बघून मला आधी वाटलं, फोन नंबर आहे.
जवाहरनगरात रत्ना सातपुते चपलांच्या वेण्या घालते,
जोडीमागं पंचेचाळीस रुपये, रात्री डोळे चुरचुरतात.
तिला फोटो दाखवला.
तिनं किंमत बघितलीच नाही.
बोटानं मोठा करून म्हणाली,
शेवटची गाठ चुकलीय, दोन महिन्यांत उसवंल.
तपासणीला ही बाई पाहिजे होती.

आणि ते चामडं कुणाचं, हे आम्ही दोघांनीही
एकमेकांना विचारलं नाही.

ईराप्पाच्या म्हशीचं रेडकू गेल्या महिन्यात मेलं.
त्याच्या कातड्यात पेंढा भरून, पायांना काठ्या लावून
ते तिच्यापुढं उभं केलंय.
ती चाटते. पान्हा सोडते.
मी पितो.
पाडव्याला हिच्या शिंगांना रंग लावतील, मोरपिसं बांधतील,
गळ्यात कवड्या, आणि ईराप्पाच्या मोटरसायकलीमागं
ही रस्ताभर पळंल, पोरं शिट्ट्या मारतील.
ते प्रेमच आहे. मी खोटं म्हणत नाही.
पण रेडकू नर होतं.
आजारानं गेलं, ईराप्पा म्हणतो.
मी म्हटलं, त्याच्या वाटणीचं दूध कुणी प्यायलं?
तो काही बोलला नाही.
माझ्या ग्लासाकडं बघितलं फक्त.

आपल्यापुढंही कुणीतरी असंच काहीतरी उभं करतं,
आपणही चाटतो, आणि आतून भरून येतं :
हे वाक्य मी बरेच दिवस मनात घोळवलं,
पण म्हशीपुढं उभं राहून बोलायची लाज वाटते.
तिला निदान वास तरी खरा येतो.

काल ईराप्पा सुट्टे आणायला गेला तेव्हा
मी ते रेडकू उचललं.
जुनी सवय.
वजनावरनं सांगतो :
आत पोकळी नाही, पेंढा गच्च बसलाय,
शिवण सरळ, डोळ्यांच्या जागी दोन काळी बटणं, एका मापाची.
काम चोख आहे.
रिजेक्ट करता येणार नाही.